मी तुमिनीला शिकवलेलं वाक्य

बाटिकच्या कापडावर मेणाने नक्षी काढायला आमच्या चुलीपाशी चौघीजणी बसतात. मधे मेणाची कढई, भोवती चार ठेंगणी स्टुलं, आणि प्रत्येकीच्या पुढ्यात बांबूच्या घोडीवर टाकलेलं कापड. तुमिनीची जागा भिंतीकडची. गेली चौदा वर्षं ती तिचीच आहे. चुकून दुसरी कुणी तिथं बसली तर तुमिनी भांडत नाही, नुसती समोर उभी राहते. बसलेलीला शेवटी उठावंच लागतं.

तुमिनी माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. बहीण मलेशियात घरकामाला गेली आणि तिथलीच झाली. सात वर्षांची पोर एका गाठोड्यासकट माझ्याकडे राहिली. ती मला बुलिक म्हणते, म्हणजे धाकटी मावशी. तिचं ऐकून चुलीपाशी बसणाऱ्या सगळ्याच मला बुलिक म्हणायला लागल्या. त्यातली पोनिरा तर माझ्याहून तीन वर्षांनी मोठी आहे, पण वय लपवायची एवढी चांगली संधी ती कशाला सोडेल?

पोर पहिल्यापासून आपल्याच तालाची. भात वेगळा, भाजी वेगळी. दोन्ही एकमेकांना लागले की ताट बाजूला सारायची. लग्नघरचा लाउडस्पीकर सुरू झाला की कान दाबून परसात पळायची. नवा झगा आणला की आधी गळ्यामागची चिठ्ठी कापायला लावायची. हे सगळं मी चालवून घेतलं. चालवून घेता येण्यासारखं नव्हतं ते तिचं खरं बोलणं.

एकदा गावप्रमुखाची बायको घरी आली. मी चहा केला, केळीच्या पानातला चिकट भाताचा गोड पदार्थ वाढला. बाईंनी आमच्यात विचारतात तसं विचारलं, बरी आहेस ना गं? तुमिनीने झगा वर केला, मांडीवरचं गळू दाखवलं आणि पू काल कुठल्या रंगाचा होता, आज कुठल्या, ते नीट सांगितलं. बाईंनी हातातला घास पानात परत ठेवला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आमच्याकडे आपलं दुखणं दुसऱ्याच्या पदरात टाकणं हा उद्धटपणा. घरात प्रेत असलं तरी दारात आलेल्याकडे पाहून हसायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची. हे बाकीच्या पोरी बघून बघून शिकतात, कुणी सांगावं लागत नाही. तुमिनीला सांगावं लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला कपाटाच्या आरशासमोर उभी केली आणि नियम घालून दिला. मोठं माणूस काहीही विचारो, बरी आहेस का, जेवलीस का, दुखतंय का, पुढे वाकायचं, हसायचं आणि म्हणायचं, "आपल्या आशीर्वादाने बरं आहे."

"आणि बरं नसेल तर?" तिने विचारलं.

"तरी तेच."

"किती दिवस?"

"जन्मभर," मी वैतागून म्हणाले.

तिने मान डोलावली. मग विचारलं, हसताना किती दात दिसले पाहिजेत? मी म्हटलं, चार. बोलायचं म्हणून बोलले. ती आठवडाभर रोज आरशासमोर उभी राहून वरचे चार दात दाखवायला शिकली. पाचवा दिसला की ओठ खाली ओढायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. महिन्याभरात गावात तिचं नाव झालं. वागियेमच्या, म्हणजे माझ्या, भाचीला काय वळण आहे, म्हणायला लागले. मी फुशारले. गावप्रमुखाच्या बायकोकडे मुद्दाम तिला घेऊन गेले, दोनदा.

हाताला मात्र तिच्या काही शिकवावं लागलं नाही. मेणाची लेखणी तिच्या बोटांत आली आणि तिथंच राहिली. आमच्या कामात पक्ष्याच्या पंखात, पानाच्या पोटात बारीक ठिपके भरायचे असतात, मोहरीएवढे, एकासारखा एक. बायका त्याला कंटाळतात. तुमिनीला दुसरं काही नकोच असायचं. गेल्या दोन-तीन वर्षांत तर बारीक ठिपक्यांची सगळी कापडं मी तिच्याकडेच सरकवू लागले. तिचा हात चांगला म्हणून, असं मी सांगत असे.

आणि तिच्या कापडावर थेंब सांडत नसे. थेंब सगळ्यांकडून सांडतो. गरम मेण आहे, लेखणी उचलायला क्षण उशीर झाला की टपकन नको तिथं पडतं, आणि कितीही खरवडलं तरी कापडावर खूण राहते. त्यावर आमच्याकडे उपाय ठरलेला. थेंबाभोवती पाच पाकळ्या काढायच्या, फूल झालं. आमच्या गावच्या कापडावर जिथं कारण नसताना एखादं फूल दिसेल तिथं समजावं की कुणाचा तरी हात हलला होता.

तेराव्या वर्षी तिला पाळी आली आणि त्याबरोबर दुखणं. पहिल्या दिवशी ती दोन तास न्हाणीतून बाहेर आली नाही. मी दारातून विचारलं, दुखतंय का गं? आतून उत्तर आलं, "आपल्या आशीर्वादाने बरं आहे." मी हळद-चिंचेचं पाणी उकळून दिलं आणि कामाला लागले. सगळ्याच बायकांचं दुखतं, माझंही दुखायचं. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे म्हणतात, आणि मी तर तिच्याच वंशाची होते. मला कळलं नाही.

बाविसाव्या वर्षी तिचं लग्न झालं. नवरा सुगिमान, गवंडी, डोंगरापलीकडच्या गुनुंगकिदुलचा. अबोल माणूस. त्याला तिचं न बोलणं आवडलं आणि तिला त्याचं. तो भिंत रचताना ओळंबा लावून चारचारदा बघतो, हे पाहून तिने होकार दिला, असं तिनेच मला सांगितलं. याहून वाईट कारणांनी जमलेली लग्नं मी पाहिली आहेत.

चार वर्षं झाली तरी मूल नव्हतं. आमच्याकडे हे कुणी पोटात ठेवत नाही. बाजारात, मशिदीच्या दारात, कुणाच्या बारशाला, भेटेल ती विचारते, काय गं, काही आहे का पोटात? तुमिनी वाकायची, चार दात दाखवायची, आशीर्वादाने बरं आहे म्हणायची. बायका समजायच्या की आहे. पुढच्या महिन्यात पोट दिसलं नाही की कुजबुज. सुगिमानच्या आईला तर वेगळाच संशय होता. दोनदा येऊन मला ऐकवून गेली, की तुमची पोरगी नवऱ्याला जवळ येऊ देत नाही आणि वर हसते. या रोज्यांनंतरच्या ईदपर्यंत काही निकाल लागला नाही तर मी माझ्या मुलाला घेऊन जाईन, असं तिने सांगितलं.

एका दुपारी सुगिमान एकटाच माझ्याकडे आला. खाली बसला, बराच वेळ आपल्या हातांवरचं सुकलेलं सिमेंट खरवडत राहिला. मग म्हणाला, "बुलिक, ती माझ्यावर रागावलीय का?"

मी विचारलं, असं का वाटलं?

"ती उशी चावते. उशीला भोकं पडलीत. सकाळी मी विचारतो, काय होतंय तुला? तर वाकून म्हणते, आपल्या आशीर्वादाने बरं आहे. मी तिच्याहून दोन वर्षांनी लहान आहे, बुलिक. माझा कसला आशीर्वाद?"

मला हसू आलं. खरंच आलं, खोटं कशाला बोलू. मी त्याला म्हटलं, नवऱ्याला मान देते, तुझं नशीब समज. तो तसाच उठून गेला.

पुढच्याच आठवड्यात तुमिनीच्या कापडावर थेंब पडला. पक्ष्याच्या गळ्यावर, शेंगदाण्याएवढा. चुलीभोवती सगळ्यांचे हात थांबले. ती स्टुलावर बसली नव्हती, उकिडवीही नव्हती, एक गुडघा जमिनीला टेकवून कशीबशी तोललेली होती. कपाळावरून पाणी ओघळत होतं. पोनिरा थट्टेने म्हणाली, चला, शेवटी तूही आमच्यातली झालीस, काढ आता फूल.

"हे फूल नाही," तुमिनी म्हणाली. "हा थेंब आहे."

मी समजावलं, असू दे गं, पाच पाकळ्या काढ, कुणाला कळणार नाही. तिने लेखणी कढईच्या काठावर ठेवली आणि उठली. विहिरीपर्यंत गेली आणि तिथं कठड्याला धरून खाली बसली ती उठेचना. सुगिमान काम टाकून आला. तिला मोटरसायकलवर आपल्यामागे बसवून ओढणीने स्वतःच्या पाठीशी बांधलं आणि सरकारी दवाखान्यात नेलं. तिथं ती याआधी चारदा गेली होती. चारही वेळा हसली होती आणि चारही वेळा ताकदीच्या गोळ्या घेऊन परत आली होती. या खेपेला चक्कर आली होती म्हणून त्यांनी जोग्या शहरातल्या मोठ्या डॉक्टरांच्या नावाने चिठ्ठी दिली. ईदला तीन आठवडे राहिले होते.

सुगिमानला कामावरून सुट्टी मिळाली नाही, म्हणून तिच्याबरोबर मी गेले. मोठ्या दवाखान्यात वर पांढऱ्या नळ्यांचे दिवे गुणगुणत होते. तुमिनीने कानात कापसाचे बोळे घातले होते आणि फरशीचे चौकोन मोजत होती. दोन तासांनी नंबर लागला. डॉक्टर युनिआर्ती चाळिशीच्या, चष्मा कपाळावर, टेबलाखाली पायातल्या चपला काढून ठेवलेल्या. त्या चपलांमुळे मला जरा धीर आला.

काय त्रास आहे, त्यांनी विचारलं. तुमिनी वाकली, हसली. "आपल्या आशीर्वादाने बरं आहे."

डॉक्टरांनी चिठ्ठी पुन्हा वाचली. तिला तपासायच्या टेबलावर झोपवलं, बेंबीखाली डाव्या बाजूला बोटं दाबली आणि विचारलं, इथं दुखतं का?

तुमिनीची बोटं टेबलाच्या काठावर पांढरी पडली. मानेवर, कानामागे, ओठांवर एकदम घाम फुटला. आणि त्या घामाखाली ते हसू जागचं हललं नाही. वरचे चार दात. पाचवा नाही.

"आपल्या आशीर्वादाने बरं आहे," ती म्हणाली.

डॉक्टरांनी हात धुतले, खुर्चीत बसल्या आणि पेन उचललं. काय लिहिणार ते मला माहीत होतं. तेच, ताकदीच्या गोळ्या. मला आरसा आठवला. आठवडाभर त्याच्यासमोर उभी असलेली सात वर्षांची पोर आठवली. तेरा वर्षांची असताना न्हाणीच्या दाराआडून आलेला आवाज, सुगिमानची उशी, सगळं एकदम माझ्या अंगावर आलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात ना, तो मार कुणाचाही असो, तोंडावरचा हात माझा होता. एकोणीस वर्षं.

शिकलेल्या माणसाचं बोलणं तोडायची आम्हाला सवय नाही. तरी मी उठले. "डॉक्टर, लिहू नका. ती खरं सांगत नाहीये. तसं सांगायला मीच शिकवलंय तिला."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मी तुमिनीकडे वळले. "पोरी, तो नियम आजपासून संपला."

ती उठून बसली. "कुणासाठी?"

"डॉक्टरांसाठी."

"सुगिमानसाठी?"

"त्याच्यासाठीही."

"तुमच्यासाठी?"

मी हो म्हणाले. मानही हलवली.

"हसायचं का?"

"नाही."

घोडीवरून कापड उतरवावं तसं तिने ते हसू उतरवलं. खाली जो चेहरा होता तो मी कधी पाहिला नव्हता. थकलेला, म्हाताऱ्या बाईचा. मी घरात वाढवलेल्या मुलीचा तो चेहरा होता, आणि मला तो ओळखीचा नव्हता. मला रडू आलं, आणि मी ते पुसलंही नाही.

मग तुमिनी बोलली. एका सुरात, बाजारातून काय काय आणायचं ते सांगावं तसं. दुखणं बेंबीखाली डावीकडे सुरू होतं आणि मांडीत उतरतं. आधी महिन्यातले चार दिवस होतं, लग्नाच्या वर्षापासून बावीस दिवस असतं. चांगल्या दिवशी ती वीतभर कापड भरते, दुखतं तेव्हा चार बोटं. लघवीला बसताना भिंत धरावी लागते. नवरा जवळ आला की आत सुरी फिरल्यासारखं होतं, पण नवरा चांगला आहे, सुरी त्याची नाही. हे ऐकताना मी जमिनीकडे बघत होते. डॉक्टर तिच्याकडे बघत होत्या आणि भराभर लिहीत होत्या.

मधे त्यांनी विचारलं, एक ते दहामध्ये किती दुखतं?

"दहा काय?" तुमिनी म्हणाली.

डॉक्टर म्हणाल्या, बरोबर आहे तुझं, माझाच प्रश्न चुकला. शेवटी त्यांनी विचारलं की इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?

"सगळ्यांनी विचारलं," ती म्हणाली. "मी सगळ्यांना उत्तर दिलं."

पुढच्या तपासण्यांत डॉक्टर प्रत्येक गोष्ट करण्याआधी सांगत, आता हात लावते, आता थंड लागेल. तुमिनीला तेवढं पुरे होतं. गर्भाशयाच्या आतलं अस्तर बाहेर जाऊन वाढलं होतं आणि आतड्याला चिकटलं होतं. सणाच्या दहा दिवस आधी पोटाला तीन बारीक भोकं पाडून त्यांनी होतं तेवढं काढलं. सुगिमानच्या आईला डॉक्टरांनी स्वतः बोलावून आतले फोटो दाखवले. बाई घरी आली. मग स्वयंपाकघरात गेली आणि तुमिनीसाठी भात वेगळा, भाजी वेगळी वाढून आणली. मुलाला घेऊन जायचं पुन्हा तिने काढलं नाही.

डॉक्टरांनी आणखी एक चिठ्ठी दिली होती, दुसऱ्या एका बाईंकडे जायची. त्या बाई खूप वेळ बोलल्या. आवाज, वास, झग्यामागची चिठ्ठी, सगळं विचारलं आणि कागदावर ऑटिझम असा शब्द लिहून दिला. मला आधी रागच आला. आमची पोर आपल्या तालाची आहे, एवढं आम्हाला ठाऊक होतं, त्याला कागद कशाला? तुमिनीने तो कागद दोनदा वाचला, घडी घालून लग्नाच्या दाखल्याबरोबर ठेवला आणि म्हणाली, "याला नाव आहे. म्हणजे मी एकटीच नाही."

माझ्या रागाचं मग काही उरलं नाही.

सगळं बरं झालं असं मी म्हणणार नाही. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, की एवढी वर्षं अंगात मुरलेलं दुखणं एका दिवसात जात नाही. आवळून बसलेले स्नायू सैल करायचा व्यायाम दिला आहे. सकाळी बारा, संध्याकाळी बारा. तुमिनी अकरा कधी करत नाही. सुगिमानने तिच्यासाठी चुलीपाशी विटांची उंच बैठक रचली, पाठ टेकायला जागा ठेवून, ओळंबा लावून. आता महिन्यातले सात-आठ दिवस दुखतं. त्या दिवशी ती सकाळीच सांगते, आज चार बोटंच होतील, आणि पोनिरा न बोलता तिच्या कापडाची एक बाजू आपल्याकडे ओढून घेते. मूल होईल की नाही, माहीत नाही. बाजारात आता कुणी विचारलं तर ती पूर्ण उत्तर देते, अस्तरापासून आतड्यापर्यंत. विचारणाऱ्या बायका कमी झाल्या आहेत.

ईदच्या सकाळी आमच्याकडे धाकटी माणसं थोरल्यांपुढे गुडघे टेकून वर्षभराच्या चुकांची क्षमा मागतात. थोरल्याने डोक्यावर हात ठेवायचा आणि चार ठरलेले शब्द बोलायचे. त्या वर्षी तुमिनीला वाकणं जमत नव्हतं, तर सुगिमानने तिच्या गुडघ्यांखाली उशी ठेवली, भोकं पडलेली तीच. तिने माझ्या मांडीवर हात जोडून ठरलेले शब्द म्हटले. मी ठरलेले शब्द म्हटले नाहीत. "त्या वाक्याबद्दल मला माफ कर," असं म्हटलं.

तिने विचार केला. मग म्हणाली, "केलं." आणि उठायच्या आधी विचारलं, "तुम्ही कशा आहात, बुलिक?"

"आशीर्वादाने बरं आहे गं," मी म्हणाले. तोंडातून निघूनच गेलं.

ती उठली नाही. "तो नियम तुमच्यासाठीही संपला होता. तुम्ही मान हलवली होतीत."

घरात माणसं होती, दारात पाहुणे होते, सगळे नव्या कपड्यांत. मी मान खाली घातली आणि सत्तावीस महिने कुणालाही न सांगितलेली गोष्ट तिला सांगितली. मला ठिपके दिसत नाहीत. मेण कुठं संपलं ते मी बोट फिरवून बघते. लख्ख दिव्याखाली थोडंफार दिसतं, पण इथं घरात तू एवढी जवळ आहेस आणि तुझा चेहराही मला धुरातून बघावा तसा दिसतो आहे. हे सांगून झाल्यावर मी नेहमीप्रमाणे हसले.

तुमिनीने हात वर करून माझ्या ओठांवर ठेवला. बोटांना मेणाचा वास होता.

"सण झाला की डॉक्टरांकडे जाऊ," ती म्हणाली. "मी बरोबर येते. तिथं हसायचं नाही, बुलिक."